साय धरेपर्यंत

मी चाकू बोलतोय. घाबरू नका, मिटलेला आहे.

उघडा असतो तर बोललोच नसतो. उघडा चाकू काम करतो, बडबड करत नाही. आणि माझी बडबड तरी ती किती? जन्मजात मला एकच शब्द येतो. पातं मिटलं की पाठीमागची कमान त्याला खेचून मुठीत बसवते आणि आवाज होतो, "टक्". झालं. एवढ्या एका शब्दावर मी आयुष्य काढलं. माणसांना इतके शब्द येतात, तरी मिठाची बरणी कुठं ठेवली यावरून त्यांची भांडणं चालूच असतात.

दमलोय मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच धाप लागली तर राग मानू नका.

माझा जन्म एका बोळातला. पुढं दुकान, मागं भट्टी. भाऊ पाती घडवायचा, बहीण कमानी बसवायची. माझं पातं जुन्या पोलादाचं. हल्लीचं ते न गंजणारं, चकचकीत, कुणाशीच सोयरसुतक नसलेलं पोलाद नव्हे. आंबट लागलं की रंग बदलणारं, ओलं राहिलं की रुसून तांबारणारं, असं माणसाळलेलं पोलाद. लोखंडाकडून माझं कूळ तालेवार, पण आजोळ म्हशीचं. मुठीला तिचंच शिंग आहे. अजूनही दमट हवेत मूठ जराशी फुगते आणि मला उगाच डबक्यात जाऊन बसावंसं वाटतं.

ती बहीण कमान बसवून झाली की प्रत्येक चाकू कानाशी धरायची. उघडायची, मिटायची. आवाज पसंत पडला नाही तर पुन्हा कानस.

"अगं, चाकू आहे तो, तंबोरा नाही," भाऊ म्हणायचा.

"तू धार बघ. अंधारात, न बघता, एका हातानं मिटला तर नीट मिटला की नाही हे माणसाला कशावरून कळायचं? तुला विचारायला येणार आहे का तो?"

भाऊ पुन्हा पात्याकडं वळायचा. बहिणीपुढं त्याची धार चालत नसे. माझी भावंडं कुणी "टिक्" म्हणत, कुणी "खट्". माझा "टक्" शेवटाला जरा घोगरा लागला. ती कानस उचलणार होती, पण थांबली. म्हणाली, "असू दे. ह्याचा घसा असाच आहे."

मला विकत घेतलं ते मालाच्या गोदामातल्या एका बांधणीवाल्यानं. खोकी, गाठोडी, गठ्ठे बांधायचे, हे त्याचं काम. त्याचे सोबती त्याला दोरीमास्तर म्हणत. मी त्याला मालक म्हणतो. त्याच्या विजारीच्या उजव्या खिशात मी, एक किल्ली आणि पेन्सिलीचा तुकडा असे तिघं राहायचो. किल्ली फार कटकटी. सारखं काहीतरी कुरबुरत अंगावर पडायची.

गोदामात मी काय काय कापलं ते सांगितलं तर तुम्हाला पटायचं नाही. एकदा उधळलेल्या घोड्याचा लगाम कापून अख्खा रस्ता वाचवला. एकदा पेटलेल्या ताडपत्रीचे दोर तोडले. एकदा वरच्या साहेबांचा बूट सुजलेल्या पायातून निघेना, तर तो थेट टाचेपर्यंत उसवला. बरं, यातलं बुटाचं तेवढं खरं आहे. गोदामातल्या दुपारी लांबलचक असतात, तिथं गोष्टी आपोआप फुगतात. माझ्या मुठीसारख्या.

खरं काम सुतळीचं. दिवसभर सुतळी. मालक दोरी एका झटक्यात कापायचे, पण गाठ कधी कापायचे नाहीत. माझं टोक हलकेच गाठीत घालून ती सैल करायची, दोरी सोडवायची आणि तिची गुंडाळी करून ठेवायची. "बांधणाऱ्यानं मन लावून बांधलेली असते, तिला कापतोस कसला?" नव्या माणसांवर ते असे डाफरायचे. माझं टोक आज जरासं वाकलेलं आहे ते मात्र गाठींनी नव्हे. रंगाच्या डब्याचं झाकण उचकटताना वाकलं. तत्त्वनिष्ठ माणसालाही घराचा दरवाजा रंगवायचा असतोच.

आणि मधल्या सुट्टीत फळ. सफरचंद, पेर, जे मिळेल ते. साल एकाच लांब पट्टीत उतरायची, न तुटता. मग एकेक फोड पात्यावरूनच तोंडात. घरीही तेच. त्यांची बायको वैतागायची.

"चाकूवरून खाऊ नका हो. एक दिवस जीभ कापेल."

"कापली तर तुझंच भलं होईल."

"माझं कुठलं एवढं नशीब!"

पण पहिली फोड तिला मिळायची, हे मी पाहिलंय. ती गेल्यावरही पहिली फोड बाजूला निघायची. ताटलीच्या कडेला थोडा वेळ पडून राहायची. मग मालक इकडं तिकडं बघून ती स्वतःच खायचे.

त्या फळांच्या आंबटानं माझं पातं आधी करडं झालं, मग निळसर, मग काळपट. दुधावर साय धरते तसं. तिला गंज समजू नका. गंजाला दारातच थोपवते ती. एका दिवसात ती धरत नाही आणि विकतही मिळत नाही. मालकांचं अर्धं आयुष्य माझ्या अंगावर होतं म्हणाना.

मग ते निवृत्त झाले, म्हातारे झाले. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. हाताला कंप आला. एका सकाळी पेर सोलताना मी घसरलो आणि अंगठ्याला लागलो. जखम नखाएवढी, पण रक्त थांबेना. सून धावत आली. टॉवेल झाला, दुसरा टॉवेल झाला, शेवटी दवाखाना. सून वाईट नव्हे बरं का. घाबरली होती बिचारी. त्या दिवशी तिनं मला धुतलं, पुसलं आणि वरच्या फळीवर चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

दुसऱ्या दिवसापासून मालकांना फळ कापून, वाटीत, काट्यासकट मिळू लागलं.

"मी काय आजारी आहे?" मालक म्हणाले.

"नाही हो बाबा. सोपं पडावं म्हणून."

"सोपं कुणाला?"

वाटी तशीच राहायची. फोडी तांबूस पडायच्या. संध्याकाळी सूनच त्या संपवायची, टाकवत नाहीत म्हणून. मालकांनी फळ सोडलं. मग हळूहळू जेवणही निम्म्यावर आलं. आणि बसल्या बसल्या त्यांचा उजवा हात खिशावर जायचा, चाचपायचा, परत यायचा. हे मला कसं कळलं म्हणाल, तर डब्याला एक भोक होतं. नव्हतं? मग सून फोनवर तिच्या बहिणीला सांगत होती असं समजा.

मालकांच्या मुलाला याचं वाईट वाटायचं, पण कामाच्या माणसाला वाईट वाटतं ते बस चुकेपर्यंतच. एका रविवारी तो चष्म्याची काडी बदलायला गेला. चष्मेवाल्याच्या दुकानात मागच्या खोलीत हिरवं कापड घातलेलं मेज, आणि त्याभोवती चार शहाणी माणसं खिशातले चाकू उघडून-मिटून एकमेकांच्या कानाशी धरतायत.

"आमच्याकडंही एक आहे जुना," मुलगा म्हणाला.

एवढं म्हणायचा अवकाश, चारही माना वळल्या. मुलीच्या लग्नाचा विषय निघाल्यावर आत्या वळतात तशा.

पुढच्या रविवारी डब्यातून निघून मी त्या मेजावर. तुम्हाला काय सांगू त्या लोकांचे लाड! चष्मेवाले यजमान. एक शिंपीकाका, गळ्यात टेप तशीच. एक दातांच्या डॉक्टरीणबाई, निवृत्त, पण दात तपासायचा छोटा आरसा पर्समध्ये अजून बाळगणाऱ्या. आणि एक भला उंच गृहस्थ, जो फक्त "वा!" म्हणायचा. जुन्या, खिशातल्या, मिटणाऱ्या चाकूंवर यांचा जीव. चाकू उघडताना पातं कसं फिरतं ती त्याची चाल, आणि मिटताना होतो तो त्याचा बोल. त्यांचे नियमही होते. मेजावर काही कापायचं नाही. आणि ज्यानं चाकू उघडला, त्यानंच तो मिटायचा. दुसऱ्यानं उघडलेला चाकू मिटणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य पुरं करणं, असं शिंपीकाका म्हणाले. ते स्वतः सगळ्यांची वाक्यं पुरी करायचे ते वेगळं.

"साय बघा साय," चष्मेवाले कुजबुजले. "ही काय आहे, माहीत आहे का तुम्हाला..."

"आयुष्य आहे," शिंपीकाका म्हणाले.

"वा!"

"आणि टोकाचा हा बाक! केवढा नाजूक. मुद्दाम दिलेला असणार. टपाल उघडायला."

रंगाचा डबा आठवून मला हसू आलं, पण माझ्याकडं शब्द एकच. तो मी वापरला, "टक्". सगळ्यांनी डोळे मिटले.

मग सुरू झालं. उघड, मिट. उघड, मिट. ह्याच्या कानाशी, त्याच्या कानाशी. काम करून दमलो त्याचं मला कधी काही वाटलं नाही. सुतळी कापताना निदान सुतळी तुटते. इथं नुसतंच कौतुक. चौघं मिळून एक काकडीही चिरत नव्हते, आणि माझी पाठ मोडत आली होती.

डॉक्टरीणबाईंना ते कळलं. त्यांनी आरसा काढला, मला आ करायला लावलं आणि आत बघितलं. "थांबा सगळे. ह्याच्या कमानीला बारीक चीर आहे. थकलाय हा. पुरे आता." मग मुलाकडं वळल्या. "कुणाचा हा?"

"बाबांचा."

"होता की आहे?"

"आहे. म्हणजे आहेत ते. घरीच असतात."

"मग त्यांच्या खिशात सध्या काय असतं?"

मुलानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. काच स्वच्छच होती.

"पुढच्या वेळी त्यांना घेऊन या," बाई म्हणाल्या. चष्मेवाल्यांनी लगेच काचेच्या कपाटात मधल्या फळीवर मखमलीची जागा दाखवली. बाबांनी हो म्हटलं तर आपण हा इथं ठेवू, सुरक्षित, कुणी हात लावणार नाही. मुलाचे डोळे चमकले. बाबांचा चाकू, काचेत, दिव्याखाली! बाबांनाही किती बरं वाटेल!

आता ऐका, चांगली माणसं कशी चुकतात ते. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आपण काय करतो? सगळं घासूनपुसून लख्ख करतो. मुलानंही तेच केलं. आदल्या दुपारी त्यानं पॉलिश आणलं, बारीक पॉलिशपेपर आणला आणि शीळ घालत घालत मला घासलं. साय गेली. करडी गेली, निळी गेली, काळी गेली. वर शिवणयंत्राचं तेल चोळलं. माझ्या पात्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं आणि तो खूश झाला. मी ओरडणार होतो. पण पातं उघडं असताना मी मुका असतो, हे तुम्हाला सांगितलंच आहे.

रविवारी मालक आले. इस्त्रीचा शर्ट, मुलाचा हात धरलेला. मंडळी उठून उभी राहिली. मुलानं मला उघडलं आणि उघडाच त्यांच्या समोर हिरव्या कापडावर ठेवलं.

"बाबा, ओळखा."

मालकांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"छान आहे. कुणाचा?"

"बाबा, तुमचा!"

"माझा नाही हा."

डॉक्टरीणबाई पुढं वाकल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "पुसलंत तुम्ही? सगळं?"

"साफ केलं," मुलगा म्हणाला. बोलता बोलताच त्याला काहीतरी कळायला लागलं होतं.

"अहो, ती साय..." चष्मेवाल्यांना पुढं बोलवेना. शिंपीकाकांनीही त्यांचं वाक्य पुरं केलं नाही. उंच गृहस्थानं तोंड उघडलं, पण "वा" निघाला नाही.

"माझा काळा होता," मालक शांतपणे म्हणाले. "तुम्हाला माझ्या हातात नको होता, ठीक आहे. मी काही बोललो का? पण टाकलात तर टाकला म्हणून सांगा. नवा आणून फसवू नका. एवढाही म्हातारा झालेलो नाही मी."

"बाबा, शपथ घेतो, हाच आहे."

"घरी चल."

त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, त्याकडं बघत बसले. त्यांचा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. मी हातभर अंतरावर पडलेला. आयुष्यात मला एवढं एकटं कधी वाटलं नाही. चहाच्या डब्यातसुद्धा नाही.

मला उचलायला कुणीच पुढं येईना. नियम होता ना, ज्यानं उघडला त्यानंच मिटायचा. शेवटी मुलानं मान खाली घालून मला उचललं, आणि मिटायला पात्याच्या पाठीवर तळवा टेकवला. आत चीर मला ठणकत होती. म्हटलं, कमानीबाई, आज मोडलीस तरी चालेल, पण आवाज नीट येऊ दे.

"टक्."

शेवटाला घोगरा.

मालकांचा खिशावरचा हात थांबला. मान मात्र खिडकीकडंच.

"परत कर."

मुलानं मला उघडलं. पुन्हा मिटलं. "टक्."

मालक वळले. हात पुढं केला. मला तळहातावर घेतलं, अंगठ्यानं शिंगावरचा तो खोलगट भाग शोधला, जो त्यांच्याच अंगठ्यानं झिजलेला होता. नखानं मला उघडलं. पात्याचं तेल हुंगलं आणि नाक मुरडलं.

"हे काय चोपडलंय ह्याला? साबण आहे का तुमच्याकडं?"

डॉक्टरीणबाईच मला बेसिनकडं घेऊन गेल्या. दुकानातल्या साबणानं त्या पुराण्या चाकूला घसाघसा धुतलं, पदराला पुसलं. चष्मेवाले डोळ्यांवर हात घेऊन बसले होते.

"फळ?" मालक म्हणाले.

चष्मेवाल्यांच्या डब्यात एक पेर होतं. जरा आंबट. नियमाचं नाव कुणी काढलं नाही. मालकांनी ते सोलायला घेतलं. हात थरथरत होता, साल दोनदा तुटली. मुलगा खुर्चीच्या कडेवर, दोन्ही मुठी आवळून. "अंगठा आत घ्या, बाबा."

"तुला सोलायला मीच शिकवलंय."

"मी कुठं सोलतो? मी सालीसकट खातो."

"तेच म्हणतोय."

पहिली फोड त्यांनी ताटलीच्या कडेला ठेवली. मग सगळ्यांना पात्यावरून एकेक. उंच गृहस्थानं ती खाल्ली आणि त्याला शब्द सापडला. इतक्यात डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "बघा, बघा." माझ्या पात्यावर धारेजवळ, रस लागला होता तिथं, एक फिकट करडी छटा उमटली होती. सगळी डोकी माझ्यावर झुकली. बाळाला पहिला दात आला की घर गोळा होतं ना, तशी.

निघताना चष्मेवाल्यांनी भीत भीत कपाटाकडं बोट दाखवलं. मालकांनी मखमल निरखून पाहिली.

"कपाट सुरेख आहे," ते म्हणाले. "त्यात चष्मे ठेवा." आणि मला खिशात टाकलं. किल्ली तिथंच होती. लगेच अंगावर आली, मेली.

घरी सुनेपुढं खटला झाला. मुलानं सगळं सांगितलं, स्वतःच्या पॉलिशसकट. सुनेनं कापसाचा डबा आणून जेवणाच्या मेजावर ठेवला.

"सोला. पण मी समोर बसणार. आणि कंप जास्त असेल त्या दिवशी मी सोलणार, ह्याच चाकूनं."

"तुझी साल तुटते."

"तुटू दे. खाणार ना?"

मालकांनी तिच्याकडं पाहिलं आणि पहिली फोड तिच्यापुढं सरकवली.

तर असं माझं चाललंय. हल्ली मी खिशात असतो, दिवसातून एकदा उघडतो, एकदा मिटतो. दमणूक कमी झालेली नाही. कमानीची चीर वाढते आहे, मला आतून कळतं. एक दिवस ती तुटेल आणि माझा एकुलता एक शब्द जाईल. पातं लुळं पडेल. त्या दिवशी मालक मला पुन्हा हातात घेतील, बघतील, आणि मी त्यांना कशावरून ओळखू यायचा?

म्हणून माझी घाई आहे. साय पुन्हा धरायला लागली आहे. धारेपासून निम्म्यापर्यंत आली आहे, करडी झाली, निळी अजून व्हायची आहे. ती काळी होईपर्यंत कमानीनं दम धरला की झालं. मग आवाज गेला तरी चालेल, ते मला बघून ओळखतील.

तेव्हा तुम्हा शौकीन मंडळींना हात जोडून एक सांगणं आहे. हात नाहीत मला, समजून घ्या. माझ्यासारखा कुणी म्हातारा हाती लागला तर त्याला नुसतं उघडू-मिटू नका. उघडलाच तर काहीतरी कापा. आणि आमच्या घराकडं येणं झालं, तर येताना रिकाम्या हातानं येऊ नका. एखादं फळ आणा. आंबट असेल तर फारच बरं.